पडका कोठा
एकोणसाठ सालच्या दिवाळीनंतर भातकुलीजवळच्या त्या घरी दोघे भाऊ ओसरीवर बसून गुरांच्या जुन्या कोठ्याचं काय करायचं ते ठरवत होते. पावसात मागची भिंत खचली होती, आढ्याला वाळवी लागली होती. "पाडून कापसाची खोली बांधू," भगवंतराव म्हणाला. "बैल तं इकले. आता कोठ्यात राह्यतेच कोन?" चहा घेऊन आलेली अनसूया उंबऱ्यातच थांबली. ती त्यांच्या वारलेल्या मोठ्या भावाची बायको. भाऊ गेला तेव्हा चार दिवसांपुरती म्हणून तिची खाट कोठ्याच्या कोपऱ्यात टाकली होती. त्याला नऊ वर्षं झाली. "मी राह्यतो न, भाऊजी," ती म्हणाली. भगवंतरावानं मान वर केली नाही. "तुमचं काय, वहिनी? तुमची खाट पडवीत टाकू." "पडवी नको. या घरात माह्या मालकाचा हिस्सा आहे. तो पडका कोठाच मले द्या." धाकटा वसंता हसला. "पडका असला तरी त्याचे सागाचे खांब चांगले हायेत, वहिनी." अनसूया लग्न होऊन आली तेव्हा वसंता दोन वर्षांचा होता; तिनंच त्याला कडेवर वाढवलं होतं. तिनं चहा दोघांपुढे ठेवला. आठ दिवसांत कोठा पाडला. खांब नव्या खोलीला लागले. वाळवीनं पोखरलेली लाकडं अंगणात उरली. "हे वहिनीच्या वाट्याचं," भगवंतरावानं गड्याला सांगितलं आणि त्यानं ती चुलीपाशी रचून ठेवली. हिवाळाभर त्याच लाकडांवर अनसूयेनं साऱ्या घराचा स्वयंपाक केला.