सत्तावन्न

आईची अंगठी शोधून आज संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये तिच्या हातात ठेवणार, अशी मी मामाशी पैज मारली होती. बारीक झालेल्या बोटातून ती मागच्या अंगणातच कुठेतरी गळली होती. जोडीतली बाबांची अंगठी मामाच्या मेटल डिटेक्टर मशीनच्या तबकडीखाली धरली, तर पडद्यावर सत्तावन्न आकडा आला. म्हणजे सत्तावन्नच शोधायचा. सोप्पं! बाबांची अंगठी परत कपाटात ठेवून मी अंगणात उतरले.

दहाव्या मिनिटाला सत्तावन्न वाजला. खणलं, तर नुसती माती.

"खोटा सिग्नल," मामा म्हणाला. "अगं, तू म्हणजे चालतंफिरतं भंगाराचं दुकान आहेस. काढ सगळं."

मी बेल्ट काढला, केसांतल्या पिना काढल्या. केस डोळ्यांवर आले. आमचे दोन्ही फोन बंद करून पायरीवर ठेवले. तरी सत्तावन्न.

"आता तबकडी हवेत उचल. हवेत काय असणार? गप्प बसेल."

गुडघ्याशी ती गप्प होती. कमरेशी आली आणि वाजली. सत्तावन्न. डावीकडून फिरवली, उजवीकडून फिरवली, तेवढाच स्वच्छ आवाज. खऱ्या सिग्नलची हीच खूण, असं मामानेच शिकवलं होतं.

उभ्या माणसाचा हात लोंबतो, बरोबर तेवढ्या उंचीवर.

मग आवाज हलला. मी तबकडी त्याच्यामागे नेत गेले. माझ्या कोपरापाशी, खांद्यापाशी, शेवटी कपाळापाशी. डोळ्यांवरचे केस अलगद कानामागे सारले गेले.

"मामा, हॉस्पिटलमध्ये फोन लाव ना."

मामा पायरीवरच्या बंद फोनकडे बघत राहिला. हात मात्र त्याने पुढे केला नाही.