मनकर्णा हसली तवा

शेजारच्या छबुबाईनं बांगड्या फोडायला दगड उचलला, तरी मनकर्णेला काय झालंय ते धड कळंना.

घडीभरापूर्वी तर ती हसत व्हती. भावानं तिला चकलांब्याहून गाडीत आणलं, सासरी पालीच्या नदीवर उतरवलं अन तो तसाच बीडच्या बाजाराला गेला. नदीवर बाया धुणं धूत व्हत्या. माहेरी म्हैना काढून आलेली पोर, आपल्या बाया बघून खूश झाली. "काय काकू, वळखलं का न्हाई?" म्हणली अन चांगली तोंड भरून हसली.

छबुबाईच्या हातातलं लुगडं वाहून गेलं.

"आगं माझ्या बाये!" म्हणून तिनं अशी बोंब ठोकली की पल्याडची गुरं बुजली. बाकीच्या बायांनी मनकर्णेकडं एकडाव बघितलं अन त्या बी छाती पिटायला लागल्या. कुणी तिला पोटाशी धरलं, कुणी तिचं गठुडं घेतलं. छबुबाईनं तर वल्ल्या पदरानं तिचं कुकूच पुसलं.

तिचा नवरा सुग्रीव हैद्राबादला, दातांच्या डाक्टरकडं नोकर. डाक्टर पकड लावायचा अन हा माणसाचं डोकं धरून ठेवायचा. तिकडं पटकीची साथ सुटलीय असं बाजारात बोलणं व्हतं. कुकू पुसल्यावर बाईनं अजून इचारायचं काय? तिनं बी गळा काढला. ती रडतीय म्हणून बायांची खात्री झाली, अन बाया रडतेत म्हणून तिची.

घरला पोचस्तोवर अर्धं गाव मागं. सासू, मुक्ताबाई, ओसरीवर जवारी निवडत बसली व्हती. तिनं सुनंचं तोंड बघितलं अन हातातलं सूप गळालं. एकुलतं एक लेकरू. नवरा गेला तवा पाळण्यात व्हतं, तवापासून एकटीनं वाढवलेलं.

छबुबाई असल्या कामात नेहमी पुढं. तिनं मनकर्णेचा हात उंबऱ्यावर धरला अन दगड हाणला. एक हिरवी बांगडी फुटली.

"थांब गं जरा," मुक्ताबाई म्हणली. "पोरी, शेवटाला पाणी तरी पाजलं का गं माझ्या लेकराला कुणी?"

मनकर्णेनं डोळे पुसले. "मला काय ठावं आत्याबाई? सांगावा तर तुमाला आला असंल."

"मला कुठला सांगावा? तूच आणला की."

"मी? मी निस्ती गाडीतून उतरले. ह्या काकूच रडायला लागल्या."

सगळ्यांनी छबुबाईकडं बघितलं.

"आता माझ्यावर ढकला!" छबुबाई भडकली. "पाटलाकडं तार आली असंल."

पाटलाची बायको केसरबाई गर्दीतच उभी व्हती. "आमच्याकडं कवा आली तार? मी तर तुझं बोंबलणं ऐकून आले."

कोण गेलं, कवा गेलं, कुणी सांगितलं, कुणालाच काई सांगता येईना. पण रडणं थांबंना. एकदा लावलेला सूर मधीच सोडायचा कसा, हे बी कुणाला ठावं नव्हतं.

"मंग त्यो जित्ता हाय, तर तू दातवण कावून पुसलंस गं?" छबुबाई वरडली. "नवरा गेला की काळं दातवण बंद, ही रीत. सवाष्णीचे दात कसे काळेभोर पायजेत. तू आलीस पांढरेफेक दात दावीत. आमी काय समजावं?"

मनकर्णेनं झटकन तोंडावर हात ठेवला. आत्ता कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला.

"त्यांनीच काढलं," ती हाताआडून म्हणली. "चकलांब्याला आलते. डाक्टरचं औषिद घेऊन. माझं डोकं मांडीवर धरायचे अन रोज घासायचे. काळ्या थराखाली कीड लपती म्हणे, दिसत न्हाई. मागल्या बाजारी माघारी गेले, चांगले धडधाकट." मंग हळूच म्हणली, "हैद्राबादच्या मोठ्या बाया पैसे मोजून दात पांढरे करून घेतेत. लई चांगलं दिसतं म्हणले."

छबुबाईनं दगड हळूच पदराखाली घेतला.

"पैसे मोजून?" केसरबाईला हसू फुटलं. "रंडक्या बाईचे दात, अन लई चांगलं दिसतं म्हणं! येडा झालाय सुग्र्या."

बाया हसल्या. मुक्ताबाई हसली न्हाई. लेक जित्ता निघाला म्हणून तिचे डोळे अजून गळत व्हते. तिनं पदरानं ते पुसले अन सुनंजवळ सरकली.

"खरंच म्हणला त्यो? चांगलं दिसतं?"

"व्हय आत्याबाई."

"पांढरेच?"

"पांढरेच."

मुक्ताबाईनं आपल्या दातांवरून बोट फिरवलं, सावकाश, एका कडंपासून दुसऱ्या कडंपातूर.

"मंग इतकी वर्सं माझे बी चांगलेच दिसत असतील की गं."