पप्पांनी सांगितलेलं, मी टाईप केलेलं

“विचार की त्या एआयला, तुला हे कुणी शिकवलं?” मैत्रिणींनी पैज लावली आणि मी बिनधास्त विचारलं.

शाळेची भेट पप्पांच्याच कारखान्यात होती, मोहोळ रोडला. पप्पांना सरप्राईज म्हणून मी घरी सांगितलंच नव्हतं. पंपाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड बिघडलं तर कुठल्या पिनला मीटरचा प्रोब लावायचा, कुठला सिग्नल बघायचा, हे सगळं पप्पांना कारखान्याच्या एआयसाठी लिहून द्यायचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत पप्पा सांगत गेले, मी टाईप करत गेले.

स्क्रीनवर उत्तर आलं, “जोतिराम यांच्या नोंदींवरून.” पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी ऐटीत सुपरवायझरकाकांना विचारलं, “पप्पा कुठायत?”

“जोतिरामभाऊ? त्यांना गेल्या महिन्यातच कमी केलं की. आता कार्डं हेच तपासतंय.”

सकाळीच तर पप्पा डबा घेऊन ड्यूटीला निघाले होते.

संध्याकाळी ते आले. चप्पल काढत म्हणाले, “आज लई काम होतं गं.”



“आई, पप्पा, मी ठरवलंय!” मी हसत ओरडले. “उद्यापास्नं शाळेची रिक्षा बंद. मी पोरींबरोबर सायकलवर जाणार, लई मज्जा येते!”