पाठकोरा कागद

"आई, हे अक्षर माझं न्हाई."

एलिझाबेथनं गणिताचा पेपर राहीबाईच्या मांडीवर ठेवला आणि निखारा हातातून टाकावा तशी ती मागं सरली. बाहेर चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. पोरगी मात्र हुडहुडी भरल्यासारखी कापत होती.

पेपर पाच गणितांचा. पाचवं काकासाहेब मास्तरांचं ठरलेलं, हौदाचं. दोन तोट्या भरणाऱ्या, एक गळणारी. साल बदलायचं, गणित बदलत नसे, आकडेसुद्धा तेच. तरी ते कुणाला सुटत नसे आणि मास्तर उत्तर सांगत नसत. "मास्तरांच्या हौदाला बूडच न्हाई," असं पोरं म्हणायची. यंदाही सबंध सातवीला तिथं भोपळा मिळाला होता. एकट्या एलिझाबेथला दहापैकी दहा.

त्या दहांवरच ती पास झाली होती. पास, म्हणजे नगरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं. नापास, म्हणजे उद्यापासून आईबरोबर कांदे खुरपायचे. तिनं हसायला हवं होतं.

"गोजर माझ्या बाकावरून उठून गेली. म्हनली, तुझ्या हातात कोन शिरलं गं?"

"जळतीय ती. तू लिहिलंस ना?"

"न्हाई."

लढाईमुळं कागद मिळेनासा झाला होता. मास्तरांनी जुन्या परीक्षांचे पेपर काढले, लिहिलेल्या बाजूवर निळ्या पेन्सिलीची फुली मारली आणि ते पाठकोरे कागद दोऱ्यानं शिवून पोरांना वाटले. एलिझाबेथनं चार गणितं कशीबशी सोडवली. पाचव्यासाठी तिनं तिसरा कागद पुढं घेतला, तर कोऱ्या बाजूवर गणित होतं. तेच हौदाचं. सोडवलेलं, खाली उत्तरासकट. तिनं टाक खाली ठेवला. मास्तरांना सांगायला ती उठली, तोच घंटा झाली आणि मास्तरांनी पेपर ओढून घेतला.

"आई, ते शांतवनदादाचं अक्षर हाय."

राहीबाईचा हात उठला.

"मेलेल्याचं नाव घिऊन खोटं बोलतीस?"

मेलेल्याचं. आजवर तिनं तो शब्द तोंडातून काढला नव्हता. लष्कराच्या तारेत फक्त 'बेपत्ता' होतं. ब्रह्मदेशात, दोन वर्षांमागं.

हात तसाच वर राहिला. याच दारात तो असाच उठला होता, चार वर्षांमागं. तेव्हा थांबला नव्हता. शांतवन सातवीला गणितात चार गुणांनी नापास झाला होता आणि एकच धोशा लावून बसला होता, "पाचवं म्या सोडवलंय." राहीबाई म्हणाली होती, मास्तर काय खोटं बोलत्यात व्हय? गालावर बोटं उमटली तरी पोरगं बधेना. तेव्हा ती म्हणाली, "खरं बोललास की भाकर मिळंल. तवर न्हाई." सकाळी अंथरूण मोकळं होतं. पुणतांब्याच्या ठेसनावर कुणीतरी त्याला नगरच्या गाडीत चढताना पाहिलं. तिकडं भरती चालली होती.

तिनं हात खाली घेतला आणि कागद उजेडात धरला.

शास्त्र, म्हणजे बायबल, वाचण्यापुरती अक्षरं तिला येत होती. सातचा आकडा तिनं ओळखला. त्याला लांब शेपूट, पाण्यात सोडलेल्या दोरीसारखं. बहिणीला पाटीवर आकडे त्यानंच गिरवून दिले होते. दोघांच्या अक्षरात मास्तरांना फरक कळला नाही, यात नवल नव्हतं. घडीत काहीतरी खरखरलं. तिनं बोट फिरवलं. बोटाला राख लागली.

टिपकागद परवडत नव्हता. शांतवन चुलीतली चिमूटभर राख पुडीत बांधून शाळेत न्यायचा आणि ओल्या शाईवर भुरभुरायचा. साऱ्या वर्गात तो एकटाच.

"आई, दादा आलाय का गं?" एलिझाबेथनं दाराकडं बघत हळूच विचारलं.

राहीबाईनं कागद उलटला.

मागं निळी फुली होती. फुलीखाली जुन्या परीक्षेतलं चौथं गणित, त्याच अक्षरात, त्याच शेपटाच्या सातासकट. तळाला जागा उरली नव्हती. आणि तिथं, अगदी कडेला, मास्तरांची तांबडी शाई: 'पाचवे गणित सोडवले नाही. शून्य.'

तिनं कागद पुन्हा उलटला. हौद भरलेला होता. पुन्हा उलटला. शून्य.

कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, असा मास्तरांचा दंडक. पोराचा कागद संपला असणार, म्हणून त्यानं पाठीवर लिहिलं. मास्तरांनी पाठ पाहिलीच नाही. तेव्हाही नाही आणि यंदा कोरा म्हणून शिवतानाही नाही.

"मग मी नापास ना?" पोरीनं विचारलं.

"व्हय," राहीबाई म्हणाली. "चल मास्तरांकडं. हे धा तुझं न्हाईत. ज्याचं त्याच्या नावावर मांडाया लावू. तू फुडल्या साली बस. म्या खुरपीन दोघींचं."

एलिझाबेथ डोळे पुसत उठली. राहीबाई दारापर्यंत गेली आणि परत फिरली. टोपल्यातली एक भाकर तिनं काढली, ताटलीत ठेवली, वर दुसरी ताटली झाकली.

"ही कुनाला?"

"तो खरं बोलला हुता," राहीबाई म्हणाली.