दादासारखं उठणं
दादाचे स्नायू झिजत चालले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच दिसायचं, की आठ वर्षांचा घोडा बाबांच्या कडेवर बसून जिना चढतो आणि मी, सहा वर्षांचा, दोघांची दप्तरं ओढत मागून येतो. आई रोज त्याच्या पायांना तेल चोळायची. मी पाय पुढे केला, की म्हणायची, "तुला काय धाड भरलीय?" माझा जळफळाट व्हायचा. मग मी त्याचं उठणं शिकून घेतलं. आधी ओणवं व्हायचं, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढायचं. एकदा आईसमोर तसा उठलो. तिच्या हातातली तेलाची वाटी पडली. "परत उठ बघू," ती म्हणाली. मी परत उठलो, आणखी सावकाश. हा आजार धाकट्यालाही असू शकतो, असं डॉक्टर तिला म्हणाले होते. मला ते कुठलं ठाऊक? तिने मला उचलून गच्च आवळलं आणि मी तिच्या खांद्यावरून दादाला वाकुल्या दाखवल्या. "आई, नाटक करतोय तो," म्हणत दादाने हातातला चेंडू दारातून जिन्यावर सोडला. मी टुणकन खाली उतरलो, दोन-दोन पायऱ्या उड्या मारत गेलो आणि चेंडू घेऊन तसाच धावत वर आलो. आईने पाठीत धपाटा घातला, मग आणखी एक, आणि मला जवळ ओढून रडता रडता हसत सुटली. मी रोज दादाकडे बघायचो ना, तसाच तो माझ्याकडे बघत होता.