उलटी कुंची

लाल खण मशीनच्या तळाशी गेला. पद्मावतीबाईंनी तो मुद्दाम आधी टाकला, म्हणजे वरून कुणाला दिसायला नको. कोरा खण, कच्च्या रंगाचा. पाण्यात पडला की बादलीभर कुंकू कालवल्यासारखं करणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यावर मुलाची, प्रणीतची, काळी पॅन्ट खिसे उलटे करून टाकली. काळ्याला काय होतंय! उभा जन्म त्यांनी रंगाचं धुणं वेगळं काढण्यात घालवला होता. आज एकत्र करायचं होतं.

आता फक्त कुंची राहिली.

मोतिया रंगाची, कडेला जरीची किनार. विहीणबाईंनी, अहल्याबाईंनी, पुण्याहून शिवून आणलेली. बारशाला सोसायटीतल्या साऱ्या बायका कुंचीकडेच बघत होत्या. पद्मावतीबाईंच्या चांदीच्या वाळ्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तेवढंच असतं तर त्यांनी गिळलंही असतं. पण नात कुंचीत शिरली की गप्प, आणि पद्मावतीबाईंच्या मांडीवर आली की टाहो.

"आधी ती पुणेरी झूल काढा, मग माझ्याकडे द्या," त्या दर वेळी ठसक्यात म्हणायच्या. झूल उतरायची, पोर हातात यायची आणि भोंगा सुरू. मग अहल्याबाई लगबगीनं येणार, कुंची चढवणार, "उगी गं माझी बाय" म्हणणार, की पोरीचे डोळे मिटलेच. जशी काही तिला आजी एकच! पद्मावतीबाईंनी त्या कुंचीला आजवर बोटसुद्धा लावलं नव्हतं.

आणि बाई तरी कसली! डोहाळजेवणाला पद्मावतीबाईंच्या कानडी घरी, चामराजपेटेत आली, पोटभर पुरणाचे होळगे जेवली आणि निघताना म्हणते कशी, "एखादी नेसून नेसून मऊ झालेली साडी द्याल का?" पद्मावतीबाईंनी ट्रंकेच्या तळाची सगळ्यात विरलेली काढून दिली. मग गल्लीभर सांगत सुटल्या, "बघा अक्का, पुण्याची विहीण, माझं पोतेरंसुद्धा सोडलं नाही!"

आज सकाळी नातीनं कुंचीवर दूध ओकलं. सून मुग्धा लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली, "अम्मा, कुंची पण मशीनला लावाल? बंदांना गाठ मारून उलटी करा हं, नाहीतर जरीची वाट लागेल."

"सरी, लावते," पद्मावतीबाई म्हणाल्या. इतक्या गोड की मुग्धानं मान वर करून पाहिलं.

त्यांनी बंदांना गाठ मारली. आता अशीच आत लोटायची आणि झाकण लावायचं. रंगायचीच तर सुलटी रंगू दे, चारचौघात दिसू दे. पण हाताची सवय जुनी. मन नको म्हणेपर्यंत हात आत गेला, टोपीचं टोक धरलं आणि कुंची उलटी झाली.

आत हिरवं होतं. विटकं, ठिपक्याठिपक्यांचं. पाठीला लागतं तिथं जाड दोऱ्यानं घातलेले वाकडे टाके. प्रणीत अंगावर पीत होता तेव्हा समईवर पदर जळला होता. ते भोक पद्मावतीबाईंनीच शिवलं होतं.

दारात अहल्याबाई उभ्या होत्या. खांद्यावर नात, बिनकुंचीची, रडून लालबुंद झालेली. उलटी कुंची पाहून त्या ओशाळल्या.

"अस्तर नीट नाही हो जमलं मला. पण पोरीच्या अंगाला बापाकडच्या आजीचं नेसूचं लागावं, म्हणून मागून नेली होती. वरचं रेशीम काय, लोकांनी बघायला."

पद्मावतीबाई वळल्या, मशीनमधून लाल खण ओढला आणि कमरेला खोचून वर पदर घेतला. कुंची छातीशी धरली.

"मशीनमध्ये घालून माझ्या साडीच्या चिंध्या करायच्यात काय?" त्या करवादल्या. "ही मी हातानं धुणार. वाळायला वेळ लागेल स्वल्प. तोवर पोर इकडे द्या, माझ्या पदरात."