जादा सवारी

सोलापूरहून अक्कलकोटला निघालेली अनिलकुमारची टॅक्सी वळसंग फाट्यावर थांबली. हात करणारी मुलगी नोकरीच्या मुलाखतीला निघाली होती आणि तिची एसटी चुकली होती.

"गाडी भरली, ताई. परमिटपेक्षा एक जरी जास्त घेतला तर लायसन जाईल," अनिलकुमार म्हणाला.

त्याच्या शेजारी त्याचे वडील बसलिंगप्पा बसले होते. त्यांनी जन्मभर याच रस्त्यावर जीप चालवली होती. "आमी पुढंच चौघं बसवत व्हतो की," ते म्हणाले.

"तवा कायदा कोण पाळत व्हतं, अप्पा?"

"व्हय, आताचंच बरं हाय." त्यांनी पट्टा सोडला आणि ते खाली उतरले. "माझ्या जागेवर हिला ने. मी मागच्या गाडीनं येतो."

मुलगी पटकन बसली. तेवढ्यात मागचं दार उघडून अनिलकुमारच्या आई सुंदरम्माही उतरल्या.

"अव्वा, तू कशाला?"

"मला ह्यांनी हितंच घेतलं व्हतं, जादा सवारी म्हणून. गिअरजवळ बसवलं. माझ्या गुडघ्याला हात लागू नये म्हणून अक्कलकोटपर्यंत दुसऱ्या गिअरमधनंच जीप नेली. मागचे लोक लई वरडत व्हते."

बसलिंगप्पा लाजून रस्त्याकडं बघू लागले. सुंदरम्मा पदर सावरत त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"मी तवाच ठरवलं, उतरायचं तर ह्यांच्यासंगंच."